डोंबिवलीतलं जुनं घर रिकामं करताना: शिफ्टिंगच्या एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

नावं बदललेली आहेत आणि बिल्डिंग, टॉवर, मुकादम यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. हे घर माझ्या मावसभावाचं, त्याला इथे संदीप म्हणू. शिफ्टिंगच्या दिवशी मी खाली टेम्पोपाशी उभा होतो आणि तयारीतही बराचसा होतो, त्यामुळे आतल्या चर्चा माहिती आहेत.

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेला १९८६ सालची सोसायटी, तळमजला अधिक तीन, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. संदीपचं घर तिसऱ्या मजल्यावर. घरात संदीप, त्याची बायको मेधा (अनुदानित शाळेत शिक्षिका), बारावीची परीक्षा दिलेली मुलगी, आणि संदीपची आई, जिला अख्खी बिल्डिंग माई म्हणते, वय ७९.

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. सहकारी संस्था कायद्याचं कलम ७९-अ, त्याखालचा रिडेव्हलपमेंटची पद्धत ठरवणारा ४ जुलै २०१९ चा जीआर, सर्वसाधारण सभा, व्हिडिओ शूटिंग, हे सगळं दोन वर्षं चाललं आणि शेवटी करार झाला. करारात बिल्डरकडून दर महिन्याचं भाडं, ब्रोकरेज आणि शिफ्टिंगचे पैसे होते, आणि एक वाक्य होतं जे सगळ्यांनी वाचलं पण फार थोड्यांनी मनावर घेतलं, ते म्हणजे भाडं सुरू होणार ते घर रिकामं करून चावी दिल्याच्या तारखेपासून. शेवटची मुदत ३१ मे २०२४.

नवीन भाड्याचं घर मिळालं कल्याण-शीळ रोडवर, एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, टू बीएचके, भाडं बावीस हजार. अंतर सहा किलोमीटरच्या आसपास.

नेमकी अडचण काय होती

सहा किलोमीटर ऐकून सगळे नातेवाईक म्हणाले, अरे हे काय शिफ्टिंग आहे, सकाळी निघा दुपारी जेवायला पोचा. आणि घोळ नेमका इथेच असतो. घर हलवताना अंतराला फारसा अर्थ नसतो, दोन्ही टोकांना दारात किती वेळ जातो त्यावर सगळं ठरतं. इथे एका टोकाला लिफ्टच नाही, आणि दुसऱ्या टोकाला लिफ्ट आहे पण तिचं टाइमटेबल आहे.

टॉवरचे नियम असे: सामान फक्त सर्व्हिस लिफ्टने, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, रविवारी बंद, तीन दिवस आधी बुकिंग, दहा हजारांचा डिपॉझिटचा चेक, आणि रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेकरार) आणि भाडेकरूच्या पोलीस व्हेरिफिकेशनची कॉपी ऑफिसला दिल्याशिवाय गेटपास नाही.

संदीप अकाउंट्समधला माणूस, त्याने वहीत हिशोब मांडला आणि तो हिशोब मला आजही बरोबर वाटतो. घरात खोकी, फर्निचर, गाद्या, बोचकी धरून साधारण १६० नग. एका हमालाची तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि परत वर अशी फेरी पाच मिनिटांची. पाच हमाल धरले तर तासाला साठ फेऱ्या, पण फ्रिज-कपाटाला दोघंतिघं लागतात, चहा-पाणी, दम खाणं, म्हणजे खाली उतरवायलाच चार तास. मग तिकडे लिफ्ट. एका खेपेत सहा-सात नग, वर जाऊन रिकामी होऊन परत यायला आठ-दहा मिनिटं, म्हणजे तिथेही चार तास. सकाळी सातला सुरू केलं, अकराला निघालो, पावणेबाराला पोचलो, तर चार वाजता संपतं. हाताशी फक्त एक तास. टेम्पो उशिरा आला, हमाल एक कमी आला, ट्रॅफिक लागला, यातलं काहीही एक झालं की तो तास गेला.

त्यात कल्याण-शीळ रोडवर मेट्रो १२ चं काम. तो रस्ता माहिती असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

तारखेचे पर्याय

पहिला पर्याय १० मे, अक्षय्य तृतीया. माईंचा आग्रह. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, पंचांग बघायची गरज नाही. अडचण अशी की त्याच पंधरवड्यात पीसीएमवाल्यांची (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) सीईटी चालू होती आणि मुलीचा पेपर अजून व्हायचा होता. घरभर खोकी आणि त्यात पोरगी फिजिक्स करतेय हे मेधाला मान्य नव्हतं, आणि बरोबरच होतं तिचं.

दुसरा पर्याय शनिवार १८ मे. पण २० मेला कल्याण लोकसभेचं मतदान, मेधाला इलेक्शन ड्युटी, १९ ला सकाळीच साहित्य घ्यायला जायचं. शिवाय ओळखीचा टेम्पोवाला म्हणाला की त्या दोन-तीन दिवसांत गाडी निवडणुकीच्या कामाला लागू शकते, मी शब्द देणार नाही. हा पर्याय तिथेच संपला.

तिसरा पर्याय महिनाअखेर, २९ ते ३१ मे. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी हाच धरला होता. महिनाअखेरीला टेम्पो आणि हमाल दोन्ही महाग होतात कारण सगळ्यांचे करार एक तारखेपासून असतात, आणि सात-आठ बिऱ्हाडं एका जिन्यावरून तीन दिवसांत उतरणार म्हणजे काय होईल ते दिसतच होतं. मुदतीच्या टोकाला गेलं की मागे सरकायला जागा राहत नाही हेही होतं. मेअखेर वळवाची सर कधीही येते.

राहिला शनिवार २५ मे. निवडणूक झालेली, सीईटी झालेली, बारावीचा निकालही २१ ला लागून गेलेला, मुदतीला सहा दिवस हातात. हा ठरला.

माईंचा मुहूर्त मात्र सोडला नाही. घरमालकाशी बोलून करार १० मेपासून केला, त्या दिवशी सकाळी माई, संदीप आणि मेधा रिक्षाने गेले, कलश ठेवला, गॅसवर दूध उतू घालवलं, अर्ध्या तासात परत. सामान एक चमचाही नाही नेला. माई खूश, मुलगी अभ्यासाला.

पंधरा दिवसांचं जादा भाडं द्यावं की नाही

या निर्णयावर घरात खरी वादावादी झाली. १० ते २५ मे दोन्ही घरं हातात, बिल्डरचं भाडं अजून सुरू नाही, म्हणजे अकरा हजार रुपये खिशातून. संदीपच्या मोठ्या बहिणीने फोनवर चांगलंच सुनावलं, पैसे वर आलेत का म्हणून.

माझं मत विचाराल तर या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात चांगले लागलेले पैसे तेच. त्या पंधरा दिवसांत किती गोष्टी निपटल्या बघा: एसीवाला येऊन जागा बघून गेला, कारण टॉवरमध्ये आउटडोअर युनिट ठरलेल्या डक्टमध्येच लावायचं असतं आणि पाइपची लांबी जास्त लागणार होती. वॉशिंग मशीनच्या नळाला वेगळा अडॅप्टर लागणार हे कळलं. एका बाथरूममध्ये गळती होती ती मालकाने आधीच करून दिली, सामान आल्यावर प्लंबरला पाय ठेवायला जागा नसती. शिवाय रोज संध्याकाळी संदीप स्कूटरवरून एक पिशवी नेऊ लागला. हातातल्या पिशवीला लिफ्टचं बुकिंग लागत नाही, रविवारचा नियमही लागत नाही. काचेचं सामान, माईंचे देवांचे फोटो, लोणच्याच्या बरण्या, मुलीचा कॉम्प्युटर, कागदपत्रांची फाइल हे सगळं असंच गेलं. मुख्य दिवसाच्या १६० नगांमधले तीसेक असे आधीच कमी झाले.

लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइन रजिस्टर केला, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, रजिस्ट्रेशन फी हजार रुपये, एजंटचे वेगळे. बरेच लोक हे काम शिफ्टिंगनंतर करू म्हणतात. इथे ते आधी नसतं तर गेटपासच मिळाला नसता आणि २५ तारीख हवेत गेली असती.

माळा

सदतीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या लोकांचं खरं सामान माळ्यावर असतं. इथे दोन माळे. त्यावर पितळेची घंगाळं, संदीपचे दहावीचे गाइड, बंद पडलेले दोन मिक्सर, लग्नातले स्टीलचे डबे ज्यांच्यावर नावं कोरलेली, आणि एक सायकल.

मेधाने इथे एक चांगली युक्ती काढली. फेकायचं का ठेवायचं असं माईंना विचारलंच नाही, कारण उत्तर ठरलेलं. तिने विचारलं, माई, हे कुणाला द्यायचं? मग माई स्वतःच वाटायला बसल्या, घंगाळ भाचीला, डबे कामवाल्या मावशींना, पितळेचा बंब वजनावर गेला पण त्याचे पैसे माईंच्या हातात दिले. हे एप्रिलमध्येच सुरू केलं म्हणून जमलं, शेवटच्या आठवड्यात असं बसून वाटता येत नाही, तेव्हा माणूस एकतर सगळं फेकतो किंवा सगळं भरतो.

पुस्तकांचं मात्र जमलं नाही. संदीपची पुस्तकं सोळा खोकी भरली, तीही मोठ्या खोक्यांत, जी एका हमालाला उचलेनात. पुस्तकांना लहान खोकं घ्यायचं असतं, हे त्याला मी सांगितलं होतं, असो.

लोखंडी कपाट

साडेसहा फुटी जुनं गोदरेजचं कपाट. १९८७ साली ते जिन्यावरून आलंच नव्हतं, बाल्कनीतून दोर लावून वर घेतलं होतं, आणि नंतर बाल्कनीला ग्रिल बसली. आता काय? तीन पर्याय: ग्रिल कापायची (बिल्डिंग पडणारच आहे), कपाट भंगारात द्यायचं, नाहीतर जिन्यावरून उभं-आडवं करून बघायचं.

हमालांचा मुकादम येऊन बघून म्हणाला, निघेल साहेब, निघेल. असं प्रत्येक मुकादम म्हणतो. संदीपने टेप आणली. जिन्याच्या वळणाची चौकट मापली, कपाटाची खोली १९ इंच, तिरकं करून दार-ड्रॉवर काढून वळत होतं, कठड्यावरून जरा उचलायला लागणार होतं. मग तोच टेप घेऊन तो टॉवरला गेला. सर्व्हिस लिफ्टच्या दाराची उंची दोन मीटर. कपाट १९८ सेंटिमीटर. म्हणजे दोन सेंटिमीटरची फट, आणि पॅकिंगचा कोरुगेटेड कागद आणि खालचं गोणपाट धरलं तर तेवढीही नाही. म्हणून ठरलं की कपाट उघडंच न्यायचं, फक्त कडांना जुन्या चादरी, त्याही लिफ्टपाशी काढायच्या. हे आधी माहिती नसतं तर लिफ्टच्या दारात कपाट अडवून अर्धा तास सोडासोड चालली असती, आणि लिफ्टचा अर्धा तास म्हणजे वीस नग.

पॅकर्स की मुकादम

दोन पॅकर्सवाल्यांनी घरी येऊन सर्व्हे केला, एकाने २१ हजार सांगितले, दुसऱ्याने १७. त्यात पॅकिंग, खोकी, बबल रॅप सगळं. स्टेशनजवळच्या मुकादमाने ९,५०० सांगितले, १४ फुटी टेम्पो आणि पाच हमाल, पॅकिंग आपलं आपण. मेधाला सुट्टी होती, मुलगी मोकळी झाली होती, म्हणून मुकादम घेतला. सगळं बोलणं फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीचा नंबर, लांबी, माणसं किती, वेळ काय हे लिहून मागितलं नाही. पुढे याचा संबंध येतो.

मशिनरीची कामं पटकन सांगतो. फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळवला, उभाच नेला, तिकडे संध्याकाळपर्यंत चालू केला नाही. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम जखडायचे मागचे बोल्ट हरवले होते, सर्व्हिसवाल्याकडून आणून लावले. एसीचा गॅस टेक्निशियनने आउटडोअरमध्ये लॉक करून मग पाइप सोडले. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी करायची नाही म्हणून ती संदीपच्या मित्राच्या गाडीत पायाशी उभी गेली. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा केले, नव्या घरात पाइप गॅस होता.

खोक्यांवर मेधाने आकडे टाकले आणि आकड्याच्या बाजूला तीनपैकी एक अक्षर: आ, उ, किंवा म. आजच लागणारं, उद्या चालेल, महिनाभर उघडलं नाही तरी चालेल. गाद्या, स्वयंपाकाचं रोजचं, अंथरुणं, कपडे हे आ. पुस्तकं, सणाची भांडी, माळ्यावरून वाचलेलं सगळं म. तेव्हा मला हे जरा शाळेतल्या बाईंचं काम वाटलं होतं.

गुरुवार २३ मे

बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती, सगळे घरी, खोकी बांधणं चालू. दुपारी एमआयडीसी फेज २ मधल्या केमिकल कंपनीत स्फोट झाला. आवाज अख्ख्या डोंबिवलीने ऐकला, लांब लांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अनेक कामगार गेले. त्या संध्याकाळी कोणी खोकी बांधली नाहीत.

शुक्रवारी सकाळी प्रश्न असा की जायचं का पुढे ढकलायचं. ढकललं तर लिफ्टचं पुढचं रिकामं बुकिंग बुधवार २९, म्हणजे तीच महिनाअखेरची गर्दी. दुसरीकडे मानपाडा रोडकडचा आपला रस्ता त्याच भागाजवळून जाणारा, तिथे बंदोबस्त, गाड्या वळवलेल्या. मुकादमाने सांगितलं की त्याचा एक माणूस त्या भागात राहतो, तो येणार नाही, चारच येतील.

२५ कायम ठेवायची असं ठरलं, रस्ता बदलायचा, टाटा नाक्याकडून लांबून जायचं. वहीतला तो एक तास इथेच संपला होता आणि हे संदीपला कळत होतं. त्याने मग ठरवलं की सगळं पोचणार नाही असं धरूनच भरायचं, म्हणजे आ आणि उ आधी बाहेर जातील अशी रचना. मला हा या सगळ्यातला महत्त्वाचा निर्णय वाटतो, कारण बहुतेक लोक अशा वेळी होईल रे म्हणतात.

शनिवारचा दिवस

सकाळी सातला माई निघाल्या. देवघर, मीठ, नवी केरसुणी आणि तुळशीची कुंडी घेऊन, शेजारच्या मुलाच्या गाडीतून, सोबत नात. आधी मेधाचा विचार माईंना आदल्या दिवशीच ठाण्याला त्यांच्या मुलीकडे पाठवायचा होता, धूळ, दगदग, वय. माईंनी साफ नाही सांगितलं, देव माझ्या आधी कुठे जाणार नाहीत आणि मी देवांच्या आधी. त्यावर नातीने मार्ग काढला की आजीला तिकडे दारात खुर्ची टाकून बसवू, हातात यादी, येईल त्या खोक्याचा आकडा वाचून कुठल्या खोलीत ते आजी सांगेल. हे इतकं छान जमलं की हमाल दाराशी येऊन स्वतःच विचारायचे, आजी, बावन्न कुठे? कुणाला दोनदा उचलायला लागलं नाही.

इकडे सव्वासातला गाडी आली आणि ती १४ फुटी नव्हती. दहा फुटी ४०७ टेम्पो. मुकादम म्हणाला मोठी गाडी अडकलीये साहेब, दोन फेऱ्या मारू, पैसे तेवढेच. भांडायला वेळ नव्हता. दुसरी गाडी शोधायची का, यावर पाच मिनिटं बोलणं झालं. शनिवारी सकाळी सव्वासातला दुसरी गाडी मिळायला कमीत कमी दीड तास, आणि मिळेल याची खात्री नाही. आहे ती घेतली.

वर जिन्यात वेगळंच. पहिल्या मजल्यावरचं बिऱ्हाडही त्याच दिवशी निघत होतं आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांचं भंगार उतरत होतं. कमिटीला दोन आठवडे आधी विचारलं होतं की जिन्याचे वार ठरवून द्या, कमिटीने ग्रुपवर सगळ्यांनी सहकार्य करावे असा मेसेज टाकला आणि हात जोडलेला इमोजी. शेवटी मी पहिल्या मजल्यावर उभा राहून वाहतूक पोलिसासारखं केलं, दहा मिनिटं तुमचे, दहा मिनिटं आमचे.

पावणेअकराला पहिली फेरी निघाली, त्यात कपाट, फ्रिज, मशीन, पलंग, गाद्या आणि सगळे आ. मुकादमाला चारही माणसं सोबत न्यायची होती, संदीपने दोघं मागे ठेवून घेतली, की गाडी तिकडे रिकामी होईपर्यंत इथलं उरलेलं तळमजल्यावर उतरलेलं असेल. तिकडे उतरवायला संदीपचे दोन मित्र थांबले होते. टाटा नाक्याकडून लांबून जाऊन पोचायला बारा वाजले. कपाट लिफ्टमध्ये चादरी काढून सरकलं, वर बोटभर जागा राहिली.

सवा दोनला गाडी रिकामी. तीनला परत जुन्या घरी, चारला भरून निघाली, टॉवरच्या गेटवर पाचला पाच कमी. वॉचमनने अडवलं. त्याचं चुकलं नाही, पाचनंतर लिफ्ट चालवली म्हणून आधी त्याला बोलणी बसलेली. सेक्रेटरींना फोन केला, त्यांनीही लिफ्ट नाही म्हटलं, पण बेसमेंटमधल्या व्हिजिटर पार्किंगच्या दोन जागा सोमवारपर्यंत वापरा म्हणाले. मग उरलेली पन्नासेक खोकी तिथे उतरवली, ताडपत्री टाकली, दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे शिफ्टिंग बंदच. हरकत नव्हती, खाली राहिलं ते जवळपास सगळं म होतं.

एक पिशवी सोडून. माईंच्या औषधांची पिशवी जेवणाच्या टेबलावर मुद्दाम वेगळी ठेवलेली, ती मदतीला आलेल्या शेजारणीने चांगल्या मनाने एका खोक्यात घातली आणि ते खोकं दुसऱ्या फेरीत. दुपारी दोनची बीपीची गोळी शोधताना कळलं. मेधाच्या फोनमध्ये प्रिस्क्रिप्शनचा फोटो होता, टॉवरच्या खालच्या केमिस्टकडून एक स्ट्रिप आणली. माईंना कळू दिलं नाही असं मेधाला वाटतं, माईंना बरोबर कळलं होतं.

परिणाम

शनिवारी रात्री चौघांनी स्वतःच्या पलंगावर स्वतःच्या चादरीवर झोप काढली, पिठलं-भात घरी झाला. सोमवारी दहाला दोन हमाल येऊन दीड तासात बेसमेंटमधलं वर गेलं, त्याचे १,८०० वेगळे. मुकादमाशी घासाघीस झाली, कबूल गाडी न आणल्याबद्दल त्याने पाचशे सोडले. तुळशीची कुंडी तडकली आणि शोकेसची एक काच गेली, बाकी मोडतोड नाही.

टॉवरचं डिपॉझिट पूर्ण परत आलं. ऑफिसने लिफ्टच्या आतल्या पत्र्यावरचा ओरखडा दाखवला होता, पण मुलीने सामान चढायच्या आधी लिफ्टचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवलेले, त्यात तो ओरखडा होताच.

जुन्या घराची चावी सोमवारी दिली. रिकाम्या घराचा व्हिडिओ, विजेच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो, आणि बिल्डरच्या माणसाकडून तारीख-सहीची लेखी पोच. पोच २७ मेची, त्यामुळे भाडं २७ पासून. बिल्डिंगमध्ये दोघांनी चावी नुसती हातात दिली, पोच घेतली नाही, आणि त्यांचं भाडं कुठल्या तारखेपासून यावर पुढे कितीतरी दिवस फोनाफोनी चालली होती.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवार धरायलाच नको होता. मेधाला मेची सुट्टी, संदीपला एक दिवसाची रजा सहज मिळत होती. मंगळवार-बुधवार धरला असता तर उरलेलं दुसऱ्याच दिवशी चढलं असतं आणि जिन्यातही कमी लोक भेटले असते. शनिवार ही निव्वळ सवय.

गाडीबद्दल लिहून घ्यायचं होतं. नंबर, लांबी, माणसं, आणि गाडी बदलली तर किती पैसे कमी, एवढं चार ओळींचं व्हॉट्सअ‍ॅप पुरे होतं. खरं तर आधीच दोन छोटे टेम्पो ठरवले असते तर एक भरतोय तोवर दुसरा चालतोय असं झालं असतं. जिथे जिना आणि लिफ्ट दोन्ही अडतात तिथे एक मोठी गाडी नुसती उभी राहण्यात वेळ घालवते.

औषधं, चार्जर, चाव्या, पैसे, पोरांची हॉल तिकिटं असली पिशवी टेबलावर वेगळी ठेवणं पुरत नाही, मदतीला आलेल्या माणसाला रिकामं टेबल बघवत नाही. ती माईंसोबत सकाळी सातलाच जायला हवी होती.

सोसायटी रिकामी होत असेल तर जिन्याचं वेळापत्रक कमिटीच्या मेसेजवर सोडू नये, खालच्या-वरच्या दोन-तीन घरांनी आपसांत चहा पिता पिता ठरवून टाकावं. आम्ही ते शनिवारी सकाळी जिन्यात उभं राहून ठरवलं.

पॅकर्सच्या बाबतीत मात्र संदीपचं आणि माझं अजून जुळत नाही. तो म्हणतो एकूण खर्च मुकादमाचे नऊ हजार आणि सोमवारचे अठराशे, म्हणजे १७ हजारांच्या खालीच राहिलो, वर घरच्यांनी भरलं म्हणून सगळं जागेवर सापडलं. मी म्हणतो मेधाची अख्खी सुट्टी खोक्यांत गेली त्याचा हिशोब वहीत कुठेच नाही. नवीन बिल्डिंग झाली की परत याच वाटेने उलटं यायचंय, मेधाने सांगून ठेवलंय की तेव्हा पॅकर्स. संदीप म्हणतो बघू.